कळ की चमक

दिवसभर मी दुसऱ्यांचे मणके वाचते
काळोख्या खोलीत, उजळ पडद्यावर.
कुठली गादी सरकली, कुठे शीर दबली,
आणि खाली दोन ओळींत निदान.
माझा एमआरआय सहकाऱ्याने वाचला,
मग संध्याकाळी सगळे गेल्यावर चोरून मीही.
काही नव्हतं.
वयाला साजेशी झीज.
आणि उजव्या करंगळीत मुंग्या,
मानेपासून कोपरापर्यंत तापलेली तार,
रात्री तीनला उशी इकडून तिकडे.

फ्रीमन स्ट्रीटवर बंद पडलेलं बुटांचं दुकान,
त्याच्या बाजूने जिना, वर एक हीटर, एक टेबल
आणि डोरीन हॅल्डन.
वीस वर्षं ग्रिम्सबीच्या गोदीत हॅडॉक सोलायची,
बर्फाच्या पाण्यात, उभ्याने.
हात गेले, तेव्हा हातांचीच विद्या शिकली.
"मासा काटे कुठे लपवतो ते एकदा कळलं
की माणूस फार अवघड नाही," म्हणाली.

मी पालथी. तोंड टेबलाच्या भोकात.
खाली तिचे पांढरे बूट
आणि गालिच्यावर चहाचा डाग,
आकाराने थेट मूत्रपिंड, डावं.
"दुखतं कुठे?"
करंगळीत, म्हटलं.
ती करंगळीकडे फिरकलीसुद्धा नाही.
पाठीच्या फऱ्याखाली, बगलेच्या जरा मागे
अंगठा रोवला, आणि थांबली.
तिकडे करंगळीत दिवा लागला.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!
जन्मभर ज्याला अडाणीपणा समजत आले
ती हिची पद्धत होती.

"दहापैकी किती?"
सात. मग आठ.
मग त्या आकड्यांचीच लाज वाटली.
इंग्रजीत माझ्याजवळ एक शब्द आणि एक आकडा,
सव्वीस वर्षं एवढ्यावरच भागवलं.
"तुमच्या भाषेत सांगा," ती म्हणाली,
"मला नाही कळलं तरी अंगठ्याला कळेल."

तर सांगितलं.
हा ठणका.
इथे नुसती रग, जुनी, सवयीची.
ही कळ, बघा, येते, भरते, ओसरते.
आणि ही,
आई गं,
ही चमक.

ठणक्यावर ती नुसता तळहात ठेवी.
कळ आली की वाट पाही, भरती बघत उभं राहावं तशी.
चमकेला मात्र हात लावत नसे,
तिच्या आसपासचं मांस
गुंतलेल्या लोकरीसारखं एकेक पदर सोडवत राही.
"शिरेला दाबायचं नसतं. तिला जाऊ द्यायचं असतं."

तिसऱ्या मंगळवारी तिनेच विचारलं,
"कल ऑर चमक, लव्ह?"
ळ तिच्या जिभेला वळला नाही.
मी भोकात तोंड घालून हसले, खोकेपर्यंत,
आणि बरगड्यांखाली काहीतरी सुटलं.
ते तिने केलं की हसण्याने, सांगता येणार नाही.

सहा आठवडे झाले.
सगळं गेलं असं म्हणणार नाही,
निदान लिहिणारी बाई आहे मी, फुगवून सांगणं जमत नाही.
पण परवा बसथांब्यावर
भट्ट्यांतून धुरावलेल्या माशांचा वास घेऊन वारा आला
आणि कोटाचं वरचं बटण लावायला
उजवा हात आपणहून वर गेला.
लावून झाल्यावर लक्षात आलं.
करंगळीत अजून चारदोन मुंग्या होत्या,
घरी जायला उशीर झालेल्या.

काल एका वेल्डरचा स्कॅन आला. वय चौपन्न.
पाहिला. पुन्हा पाहिला. स्वच्छ.
'दोष आढळला नाही' असं लिहिलं,
फाइल पुढे ढकलणार तेवढ्यात थांबले.
खाली आणखी एक ओळ घातली:
चित्रात दिसत नाही. हाताने पाहावे.